एका मुक्या रेडिओची मुंबईवारी

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे त्यात हिमालय, काशी, रामेश्वर, निदान महाबळेश्वर तरी असावे, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. प्रस्तुत लेखकाचा प्रवास मात्र पुण्याहून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत व तेथून परत, एवढाच आहे. आणि त्याचे निमित्त म्हणजे पिशवीत पंचात गुंडाळलेला एक मुका रेडिओ.

आमच्या थोरल्या बंधूंनी १९८४ साली प्रीमियर पद्मिनी मोटार घेतली. त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे; त्यामुळे ती वाड्याच्या दारात आली तेव्हा वडिलांनी नारळ फोडला आणि वहिनींनी तिला नव्या सुनेसारखे ओवाळले. दादांनी तिच्यात हौसेने रेडिओ बसवून घेतला. दोन बाजूंना दोन खुंट्या, मध्ये आकड्यांची काचपट्टी आणि तिच्यामागे मंद पिवळा दिवा, असे त्याचे रूप होते. पुढे १९९६ मध्ये त्या जागी कॅसेटचे यंत्र आले. २००७ मध्ये माझ्या पुतण्याने, म्हणजे दादांच्या चिरंजीवांनी, तेही काढून तबकड्यांचे यंत्र बसविले आणि डिकीत आवाज वाढविणारा एक ॲम्प्लिफायर ठेवला. रेडिओ माळ्यावरच्या ट्रंकेत गेला. २०१६ मध्ये दादाही गेले.

२०१८ च्या पावसाळ्यानंतर आम्ही वाईस निघालो असता कात्रजच्या घाटात रबर जळाल्याचा वास आला आणि पाठोपाठ पुढच्या फळीखालून धूर निघू लागला. वहिनी पुढेच बसल्या होत्या. पुतण्याने गाडी कडेला घेतली, टोपण उघडले आणि बॅटरीची तार हिसकून काढली. ईश्वरकृपेने एवढ्यावरच निभावले. कारखानदाराने गाडी पाहून मत दिले की, जुने सर्व उपटून टाकावे आणि मोठ्या पडद्याचे नवे यंत्र बसवावे. वहिनींनी ते शांतपणे ऐकून घेतले व घरी आल्यावर मला म्हणाल्या, “भाऊजी, पडदा घरात आहे तेवढा पुष्कळ झाला. गाडीत यांनी बसवलेला रेडिओच बसवा. नाहीतर गाडी विकून टाका. मुकी गाडी मला बघवत नाही.”

या आज्ञेचे पालन करण्यासाठी डिसेंबरातील एका सकाळी मी डेक्कन क्वीनमध्ये बसलो. वाटेत कुर्ला मागे पडले तेव्हा हात आपोआप पिशवीवर गेला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखाना येथेच होता. म्हणजे ज्या मोटारीसाठी मी चाललो होतो, तिचे हे माहेर. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. तेथून लॅमिंग्टन रोड अगदी जवळ. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला पडले. आज पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असले, तरी मुंबईकराच्या तोंडी जुनेच नाव आहे. विजेच्या व ध्वनीच्या यंत्रांचे सुटे भाग हवे असतील त्याने येथे यावे. हातभर रुंदीच्या दुकानांत तारांची रंगीत वेटोळी टांगलेली, खणाखणांतून धान्याच्या दाण्यांसारखे बारीक भाग भरलेले, आणि गिऱ्हाईक ‘हे आहे का?’ म्हणून विचारीत असतानाच दुकानदाराचा हात नेमक्या खणाकडे गेलेला!

चार दुकानांतून नकार घेतल्यावर पाचव्याने एका पोटमाळ्याचा पत्ता दिला. तेथे सत्तरीचे एक कारागीर भिंगाचा चष्मा लावून बसले होते. त्यांनी रेडिओचे झाकण उघडून आत फुंकर मारली, एक-दोन ठिकाणी मीटरचे टोक लावले आणि म्हणाले, “मास्तर, हा मेलेला नाही, तहानलेला आहे.” मला अर्थ कळेना, तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. जुन्या रेडिओतील मोठ्या कंडेन्सरांच्या आत एक द्रव असतो. वर्षानुवर्षांत तो सुकतो व कंडेन्सर निकामी होतात. तेवढे बदलले, आवाजाच्या खुंटीत साचलेला मळ धुतला आणि काटा सरकविणारी तुटलेली दोरी नवी ओवली, म्हणजे रेडिओ पुन्हा बोलेल. एकदम पूर्ण वीज देणे मात्र धोक्याचे. म्हणून बारा व्होल्टच्या वाटेत प्रथम एक लहान दिवा जोडावयाचा. आत कोठे दोष असेल तर दिवा भगभगतो आणि यंत्र वाचते.

संध्याकाळपर्यंत वेळ होता. रेडिओची एक खुंटी ट्रंकेत कोठेतरी हरवली होती, तिच्या शोधार्थ मी चालत चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर गेलो. मूळ नाव शोर बाजार, म्हणजे गोंगाटाचा बाजार, अशी तेथे एक कथा सांगतात. गोंगाट ऐकता ती पटण्यासारखी आहे. ग्रामोफोनचे कर्णे, देवळातल्या घंटा, आगबोटीवरचे दिवे आणि मोटारींच्या चाकांची झाकणे एकमेकांना टेकून बसली होती. एकाने शेकडो खुंट्यांनी भरलेला पत्र्याचा डबा माझ्यापुढे ओतला. अर्ध्या तासाने जोडीची खुंटी सापडली तेव्हा मला हरवलेली पोथी मिळाल्याचा आनंद झाला. दिवेलागणीला रेडिओ घेतला आणि एका काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीतून दादर गाठले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या जातीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तेव्हा ती बैठक मला फिरून आठवली.

खरी परीक्षा मात्र पुण्यास आल्यावर होती. रेडिओ शुद्ध झाला, परंतु ज्या तारांना तो जोडावयाचा त्यांचे काय? बॅटरी सोडवून फळीखाली डोके घातले तो काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेल्या अकरा तारा बाहेर आल्या. नव्या यंत्रांचा संकेत असा की, पिवळी तार म्हणजे अखंड वीज, तांबडी म्हणजे चावी फिरविल्यावरची आणि काळी म्हणजे गाडीच्या अंगाला जोडलेली. येथे पिवळी व तांबडी एकमेकींना पिळून ठेवल्या होत्या. सकाळी बॅटरी उतरलेली का सापडे, ते आता कळले. काळी तर भलतीच एका स्पीकरकडे गेली होती.

भांडारकर संस्थेतील पंडितांनी १९१९ पासून १९६६ पर्यंत शेकडो पोथ्या ताडून महाभारतातील प्रक्षिप्त भाग निराळा केला. आमच्यापुढे तेच काम लहान प्रमाणावर होते. आणि रंगावर विश्वास ठेवावयाचा नाही, हा त्यातला पहिला नियम होता. प्रत्येक तारेचे टोक सुटे करून झाकले, मग बॅटरी पुन्हा जोडून एकेकीला लहान दिव्याने विचारले. चावी नसताना दिवा लागला तर वीज अखंड. चावीने लागला तर चावीची. दिव्यांच्या बटणाने लागला तर काचपट्टीच्या उजेडाची. प्रत्येकीच्या गळ्यात नावाची चिठ्ठी बांधली. जिच्यावर वीज मिळेना तिला दीड व्होल्टचा घड्याळाचा सेल टेकविला; स्पीकरची असेल तर ‘टक्’ असा आवाज येई.

शेवटी एक जाड तांबडी तार राहिली. ती बॅटरीपासून थेट डिकीपर्यंत गेली होती. मध्ये फ्यूज नाही, आणि पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबरी कडेही नाही. अकरा वर्षे पत्र्याची धार तिचे वेष्टन कापीत होती. घाटातला धूर तेथलाच. पुतण्या बराच वेळ ती तार हातात घेऊन बसला. मग म्हणाला, “काका, ही मीच टाकली होती.” मी त्यास काय बोलणार? २००७ मध्ये दादा त्याला म्हणाले होते, “दुकानात नेऊन नीट बसवून घे.” त्यावर, “मुलगा हुशार आहे, दुकानदाराला पैसे कशाला?” असे म्हणून पाठ थोपटणारा मीच होतो.

ती तार आम्ही दोघांनी टोकापासून टोकापर्यंत उपसून काढली. रेडिओला चावीकडून एकच तार दिली आणि तिच्या आरंभीच फ्यूज बसविला. तो दादांच्या वेळी होता की नाही, याचा शोध आम्ही घेतला नाही. मूळ पाठाचा आग्रह कोठे सोडावा, हेही संपादकाला कळले पाहिजे. सांधे पिळून न ठेवता डाख देऊन पक्के केले. स्पीकर चार ओहमचे होते. दोन समांतर जोडले तर दोनच ओहम भरतात व जुन्या रेडिओला तो भार पेलत नाही; म्हणून एकावर समाधान मानले. इंजिन सुरू होताच रेडिओत किरकिर उमटे. एरियलच्या बुडाशी गंजलेला पत्रा काचकागदाने उजळून आवळला, तशी ती पुष्कळ ओसरली.

जानेवारीत आम्ही पुन्हा वाईस निघालो. वहिनी पुढेच बसल्या. काटा ७९२ च्या आसपास नेताच पुणे केंद्र लागले. एक जुने भावगीत चालू होते. कात्रजचा जुना घाट चढून बोगद्यात शिरलो आणि गाणे थांबले. मला धस्स झाले. पुतण्याचा हात बटणाकडे गेला. वहिनी म्हणाल्या, “असू दे. इथे तो नेहमीच गप्प होतो. पुढची ओळ हे स्वतः म्हणायचे, आणि बेसूर म्हणायचे.”

क्षणभर गाडीत कोणी बोलले नाही. मग पुतण्याने ती ओळ उचलली. बापाइतकाच बेसूर. बोगद्याच्या तोंडाशी उजेड दिसू लागला तेव्हा रेडिओ पुन्हा बोलू लागला होता. पण वहिनींनी हात पुढे करून त्याची खुंटी किंचित मागे फिरविली.