सोलापूर नांवाची वाटचाल

आमच्या सोलापुरांत कोणासही गांवाच्या नांवाचा अर्थ पुसावा, तर सोळा गांवें मिळून झालें तें सोलापूर, असेंच उत्तर मिळतें. व्युत्पत्ति मनोहर आहे. परंतु शिलालेख निराळें सांगतात. बाराव्या शतकांत, शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या काळीं, ही नगरी ‘सोन्नलगे’ होती. कामती येथील शके १२३८ च्या संस्कृत लेखांत ती ‘सोनलिपुर’ होते. किल्ल्यांतील एका लेखांत ‘सोनलपूर’. पुढें मधल्या नकाराचा लोप होऊन सोलापूर झालें असावें, आणि इंग्रजांनीं त्याचें ‘शोलापूर’ केलें.

सीमांचेंही तसेंच. १८३८ सालीं सोलापूर हा अहमदनगरचा पोटजिल्हा झाला, तेव्हां बार्शी-करमाळ्याबरोबर इंडी व मुद्देबिहाळही त्यांत होते; ते आज कर्नाटकांत आहेत. १८७१ सालीं पंढरपूर व सांगोला हे तालुके साताऱ्याकडून येऊन मिळाले.

जिल्ह्याच्या रेषा सरकारें ओढतात व पुसतात. नांव मात्र तेथें कोण राहिलें याची साक्ष देतें. ‘सोन्नलगे’ हें रूप कानडी वळणाचें, आणि सिद्धरामेश्वरांचीं वचनेंही कानडींतच आहेत. हें मान्य केल्यानें मराठीस उणेपणा येत नाहीं, हें सीमेचा वाद घालणाऱ्यांनीं ध्यानीं घ्यावें. सोळा गांवांची कथा मुलांस अवश्य सांगावी, पण कथा म्हणून. इतिहास म्हणून ‘सोन्नलगे’ हेंच नांव सांगावें.