पोलादपूरच्या नाक्यावर

मुंबईहून चिपळूणला निघालो आणि पोलादपूरला थांबणे भाग पडले. इथून एक रस्ता महाबळेश्वरला चढतो, दुसरा कशेडी घाटातून खेडला जातो. गाडी शेजारच्या मामांची, जुनी, डिझेलची. तिच्यावरच त्यांचे घर चालते. महाड सोडले आणि एसी बंद पडला, हॉर्नचाही आवाज बसला.

"भाऊ, कॉम्प्रेसरच गेला. काल गॅरेजवाला म्हणालाच होता," मामा म्हणाले. त्या खर्चासाठी कर्ज काढायचे त्यांच्या मनात होते.

नाक्यावरच्या वायरमनने एसीला हात लावला नाही. चालू इंजिनावर बॅटरीला मीटर लावला. साडेदहा व्होल्ट! चार्जिंग होत असेल तर १४ च्या आसपास हवेत. एवढ्याशा विजेवर कॉम्प्रेसरच्या क्लचचे चुंबक पकडणार कसे?

मग गाडी इथवर आली कशी? डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. म्हणून बॅटरी उतरली तरी जुने इंजिन चालत राहते आणि दोष झाकला जातो.

"मामा, किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतो का?"

"परवापासून नाही. मला वाटले, बरेच झाले!"

तो बल्बच गेला होता. अशा बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधून जाणारी थोडी वीजच अल्टरनेटरला जागे करते. नवा बल्ब बसला, काटा चढला, थोड्या वेळाने एसीही गार झाला.

गाडीवर पोट असणाऱ्या बांधवांनो, तो दिवा किल्ली फिरवताच लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. कर्ज काढण्याआधी एवढे बघा.