रविवारचं पाणी

कोकणातल्या समुद्रकाठच्या घरात रविवारची वेळ सुट्टी नाही, पाणी ठरवतं, असं मला ठामपणे वाटतं. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. म्हणजे या रविवारी ज्या वेळेला भरती, पुढच्या रविवारी साधारण त्याच वेळेला ओहोटी. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास अंदाजे निघतो: अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी असते, म्हणूनच पौर्णिमेच्या रविवारी पहाटेच बायका कातळावर कालवं फोडायला बसतात, आणि चहा घरी उरलेल्यांनी करायचा असतो. अष्टमीला भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी फारसं हटत नाही, सकाळ निवांत. कुणी म्हणेल, फ्रीज असताना तिथी कोण मोजतो? मान्य, गरज कमी झाली. पण कालवाचं वरचं कवच उडवून ओला गर वाटीत काढताना आजी नातीला हात कसा जपायचा ते दाखवते. ते शिकवणं फ्रीजमधून निघत नाही.