दहा सर्व्ह आणि लाल शाई

चाळिशी ओलांडल्यावर टेनिस शिकायला घेणे हास्यास्पद वाटेल. आम्हा दोघांनाही ते वाटले होते. दिवसभर मराठीचे तास घ्यावेत आणि संध्याकाळी जाळीत चेंडू मारत राहावेत, यात गंमत असलीच तर ती पाहणाऱ्याला. पण तिथे शिकता शिकता आमच्या शिकवण्यातला एक दोष ध्यानात आला, म्हणून हे टिपण.

आमचा प्रशिक्षक वयाने आमच्या विद्यार्थ्यांएवढा. रॅकेट कशी धरायची हे त्याने पहिल्याच दिवशी हात धरून शिकवले. सर्व्हच्या सरावात मात्र तो समोरच्या सर्व्हिस बॉक्समध्ये शंकू मांडतो, सलग दहा चेंडू मारायला सांगतो आणि दहा संपेपर्यंत अवाक्षर काढत नाही. प्रारंभी ही शांतता आम्हाला असह्य होई. चेंडू जाळीत गेला की आम्ही वळून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असू. शेवटी तो म्हणे, “सर, आधी तुम्ही सांगा. चुकलेले चेंडू कुठे गेले? टॉस डोक्याच्या मागे जात होता की पुढे?” आम्हाला यातले काहीच सांगता येत नसे. आपण वाईट खेळलो, एवढेच ठाऊक असे. मग तो मोबाईलवरचे चित्रण दाखवी आणि एकच गोष्ट सांगे: “टॉस थोडा पुढे घ्या.” उरलेल्या चुका त्याला दिसत नसतील असे नाही, त्या तो राखून ठेवी.

यामागे विचार आहे. टिमथी गॅल्वे यांनी १९७४ साली ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकात, आपल्या फटक्यावर बऱ्यावाईटाचा शिक्का न मारता तो नुसता पाहायला शिकण्यावर भर दिला. चेंडूचा टप्पा पडताना ‘बाउन्स’ आणि तो रॅकेटला लागताना ‘हिट’ म्हणायचे, असा त्यांचा एक साधा सराव आहे. पुढे साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये कौशल्य-शिक्षणाच्या प्रयोगांचा आढावा घेऊन दाखवले, की प्रत्येक प्रयत्नागणिक निकाल सांगितल्यास सरावापुरती कामगिरी सुधारते. पण शिकणारा त्या सांगण्यावरच विसंबू लागतो आणि सांगणारा बाजूला झाला की सुधारणा ओसरू शकते.

हे वाचताना आम्हाला एक विद्यार्थिनी आठवली. काही वर्षांपूर्वी तिने आपली पहिली कथा विश्वासाने आमच्या हाती दिली. आम्ही दोघांनी पानोपानी लाल खुणा केल्या आणि शेवटी शेरा लिहिला: ‘भाषा कृत्रिम, शेवट फसलेला.’ त्यातले एक अक्षरही खोटे नव्हते. तिने आभार मानले आणि पुन्हा कधी कथा दाखवली नाही.

हल्ली निबंध हाती घेण्यापूर्वी आम्ही विद्यार्थ्याला विचारतो: यातले कोणते वाक्य तुला स्वतःला खटकते? उत्तर यायला वेळ लागतो. त्यानंतर आम्ही एकच सूचना करतो. ‘सर नीट तपासत नाहीत’ अशी कुजबूजही कानावर येते. आयुष्यभर निकालाची सवय लागलेल्या मुलांकडून ती येणारच.

आमचा पहिला सर्व्ह अजूनही बहुधा जाळीतच जातो. मात्र तो का गेला, हे प्रशिक्षकाकडे वळण्याआधी आता आम्हाला पुष्कळदा सांगता येते. त्या मुलीला एवढी उसंत आम्ही दिली नव्हती.