एका गाण्यापुरते तरी

लंडनला येऊन आठ वर्षं झाली, पण रॉक संगीताच्या वाटेला मी कधी गेले नव्हते. साताऱ्यात आमच्या भांड्यांच्या दुकानात दिवसभर विविध भारती चालू असायची, त्यावरच माझे कान घडलेले. मी एका ब्रिटिश बँडवर दिवाळी अंकात लिहीन असं कुणी सांगितलं असतं, तर मीच आधी हसले असते.

झालं असं. गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ईस्ट फिंचलीहून मझवेल हिलला जाणाऱ्या १०२ नंबरच्या बसमध्ये शेजारच्या आजी भेटल्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण कान तिखट आणि नजर त्याहून तिखट. "सणाच्या दिवसांत असा चेहरा का?" त्यांनी विचारलं. मी सांगून टाकलं. मला दोन भाऊ. थोरला दादा आणि धाकटा छोटू. बाबा गेल्यापासून घर आणि दुकान यांवरून दोघांत अबोला आहे. मी ओवाळण्याचं तबक एकच लावलं, पण व्हिडिओ कॉल मात्र दोन केले. एकाला ओवाळताना दुसऱ्याचं नावसुद्धा काढायची सोय नाही.

आजींनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. बस फॉर्टिस ग्रीन रस्त्यावरून चालली होती. "ते घर बघ. त्या घरातले दोन भाऊ साठ वर्षं भांडतायत. आणि आम्ही सगळे त्यांचं मिटायची वाट बघतोय."

ते घर डेव्हिस कुटुंबाचं. सहा बहिणी आणि त्यांच्या पाठीवर दोन भाऊ. रे यांचा जन्म १९४४चा, डेव्ह यांचा १९४७चा. त्यांच्या बँडचं नाव 'द किंक्स'. मी एम.ए. इतिहासात केलंय आणि इकडे येण्यापूर्वी सहा वर्षं शाळेत शिकवत होते. रघुनाथराव आणि माधवराव यांचा धडा आला की फळ्यावर 'भाऊबंदकी' हा शब्द लिहून मुलांना त्याचा अर्थ विचारायचे. त्यामुळे घरी आल्यावर ही लंडनची भाऊबंदकी वाचायला घेतली, ती सुटेचना.

बँडची पहिली दोन गाणी पडली. तिसरं होतं 'यू रिअली गॉट मी'. सतरा वर्षांच्या डेव्हनी आपल्या लहानशा अँप्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला. त्यातून गिटारचा जो खरखरीत, फाटका आवाज निघाला त्याने पुढच्या रॉक संगीताला वळण लावलं. सप्टेंबर १९६४मध्ये ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. गाणं लिहिलं रे यांनी, आवाज शोधला डेव्हनी. मग श्रेय कुणाचं? हा वाद त्या दोघांत आजतागायत आहे.

मी तिथे वाचता वाचता थांबले. दुकान पंधरा वर्षं दादाने चालवलं, बाबांचं दुखणंही त्यानेच काढलं. पण दुकानावर कर्ज झालं तेव्हा पुण्यातल्या नोकरीचे पहिले दोन वर्षांचे पगार छोटूने घरी पाठवले होते. दादा म्हणतो, दुकान मी टिकवलं. छोटू म्हणतो, मी नसतो तर टिकवायला उरलं काय असतं? दोघांचंही खरं आहे. भांडण सुटत नाही ते त्यामुळेच.

किंक्सची पुढची वाट सरळ नव्हती. १९६५ साली कार्डिफला भर कार्यक्रमात डेव्ह आणि ड्रमवादक मिक एव्हरी यांची मारामारी झाली आणि डेव्हना डोक्याला टाके पडले. त्याच वर्षी अमेरिकेत वादकांच्या संघटनेशी बिनसलं आणि १९६९पर्यंत तिथे कार्यक्रम करता आले नाहीत. बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स अमेरिका गाजवत असताना हे इथे बसून इंग्लंडबद्दल गाणी लिहीत होते: लंडनचा वॉटर्लू परिसर, गावचं हिरवं मैदान, चहा, साधी माणसं. १९६८चा 'द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी' हा संग्रह तेव्हा खपला नाही, आज तो त्यांच्या उत्तम कामांत धरतात. १९७०च्या 'लोला'ने त्यांना पुन्हा वर आणलं. पुढे अमेरिकेत मोठमोठी सभागृहंही भरली.

पण मला धरून ठेवलं ते त्या घरातल्या बहिणींनी. रेनी ही बहीण लग्न करून कॅनडाला गेली होती, नंतर माहेरी परतली. तिचं हृदय कमजोर होतं. १९५७ साली रे यांच्या तेराव्या वाढदिवसाला तिने त्यांना त्यांची पहिली गिटार दिली आणि त्याच रात्री नाचाच्या हॉलमध्ये ती कोसळली, ती गेलीच. पुढे १९८०च्या दशकात गाजलेलं 'कम डान्सिंग' हे गाणं रे यांनी तिच्याच आठवणीत लिहिलं. दुसरी बहीण रोझ. रे लहानपणी काही काळ तिच्याकडे राहिले होते. १९६४ साली ती नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला कायमची निघून गेली. तिने घरी परत यावं अशी विनवणी करणारं गाणं रे यांनी १९६६मध्ये केलं, आणि तिचा नवरा आर्थर याच्या नावाने १९६९मध्ये अख्खा संग्रह आला.

शिवाय आपलाही एक धागा यात आहे. १९६५च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाला जाताना बँड मुंबईत थांबला होता. पहाटे कामावर निघालेल्या मच्छीमारांचं गाणं रे यांच्या कानावर पडलं आणि त्यातून 'सी माय फ्रेंड्स' झालं. तंबोऱ्यासारखा एकच स्वर धरून चालणारी गिटार त्यात आहे. पाश्चात्त्य पॉपमध्ये हिंदुस्थानी वळण आणणाऱ्या पहिल्या काही गाण्यांत ते मोजतात. ते ऐकताना मला स्वयंपाकघरात उगीचच भरून आलं.

१९९६मध्ये बँड थांबला. घरासमोरच्या 'क्लिसोल्ड आर्म्स' या पबमध्ये डेव्ह यांच्या पन्नाशीची पार्टी झाली. तिथे रे यांनी टेबलावर चढून भाषण केलं आणि केक पायाखाली तुडवला, असं डेव्हनी नंतर एका मुलाखतीत सांगितलं. २००४ साली रे यांना न्यू ऑर्लिन्समध्ये चोराची गोळी लागली, त्याच वर्षी डेव्हना पक्षाघात झाला. दोघंही बरे झाले. २०१०मध्ये जुने बासवादक पीट क्वेफ गेले, म्हणजे मूळ चौकडी आता जमणं नाही.

तरी लोक विचारत राहिले, पुन्हा एकत्र कधी येणार? १८ डिसेंबर २०१५ला इझलिंग्टनमध्ये डेव्ह यांचा कार्यक्रम चालू असताना रे मंचावर आले आणि दोघांनी मिळून एकच गाणं म्हटलं, तेच १९६४चं. २०१८मध्ये रे यांनी बँड परत जमवण्याची गोष्ट जाहीरपणे काढली. कार्यक्रम काही झाला नाही. २०२३मध्ये साठ वर्षांच्या निमित्ताने जुन्या गाण्यांचा 'द जर्नी' हा संच निघाला. त्यासाठी दोघा भावांनी आणि ज्यांच्याशी मारामारी झाली होती त्या एव्हरींनी मिळून गाणी निवडली. रे आता ऐंशीच्या पुढे आहेत.

आजींना मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, येतील?" त्या म्हणाल्या, "नाही आले तरी चालेल. मला खरं तर ते नको आहेत. मला मी सोळा वर्षांची हवी आहे."

त्या रात्री झोप लागली नाही. मी दोन वर्षं भावांना लांबलचक मेसेज पाठवत होते: पूर्वीसारखे राहा, बाबांना काय वाटलं असतं, एकत्र कुटुंब म्हणजे काय. त्यात त्यांची काळजी किती होती आणि माझा हट्ट किती? सुट्टीत गेल्यावर मला ते जुनं घर जसंच्या तसं हवं होतं. पाटावर ओळीने बसलेले दोघं, शेजारी रांगोळी. मी सोडून आलेलं घर त्यांनी माझ्यासाठी तसंच राखावं, आणि मी मात्र लंडनमध्ये राहावं.

दादाने पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदा चार महिने माझ्या खणात पडून होता. छोटूचा निरोप होता, सही करू नकोस. कुणा एकाची बाजू नको म्हणून मी काहीच केलं नव्हतं, आणि त्यालाच तटस्थपणा म्हणत होते. गेल्या महिन्यात मी दोघांना एकच मेसेज केला. लिहिलं, "मला हिस्सा नको. पण सही करीन ती तुम्ही दोघं समोर असताना, वकिलासमोर, तिघांनी हिशेब एकदा वाचून. वाटणी करा, रीतसर करा, दुकान कुणाकडे राहील तेही ठरवा. पूर्वीसारखे राहा असं यापुढे म्हणणार नाही. फक्त भाऊबीजेला मी एकच कॉल करणार आहे. पाच मिनिटं. दोघांनी एका खोलीत बसायचं. एकमेकांशी बोलला नाहीत तरी चालेल."

दादाचं उत्तर आलं, "बघू." छोटूच्या बाजूला नुसत्या दोन निळ्या खुणा.

आईला फोन केला तर ती म्हणाली, "खोली मी झाडून ठेवते. तू तबक लाव."

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज यायची असेल. तबक मी लावणार आहे.