आजींचा अंगठा

आधारची झेरॉक्स द्यायला एखादा खातेदार कांकू करू लागला की काउंटरमागून माझं उत्तर ठरलेलं असायचं, "कर नाही त्याला डर कशाला?" वेळ मारून न्यायची म्हणून मी तसं म्हणत नव्हतो, मला ते मनापासून पटलेलं होतं. गोपनीयता लागते ती ज्याला काही दडवायचंय त्याला, नाहीतर पोट भरलेल्यांना. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी वयाची ऐंशी ओलांडल्यावर, २०१२ साली, आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. गरिबाच्या खात्यात थेट पैसे यायला लागतायत आणि हे त्यात खोडा घालतायत! २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. बातमी वाचली आणि पान उलटलं.

मग एके दिवशी श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला येणाऱ्या एका आजींनी पासबुक पुढे सरकवलं. "सायेब, पैसं कुटं गेलं बगा की." शेवटच्या ओळींत आधारवरून पैसे काढल्याच्या लागोपाठ नोंदी होत्या. खाली शिल्लक जवळजवळ नव्हतीच.

मी पहिला प्रश्न काय विचारावा? "कुणाला ओटीपी सांगितलात का?"

आजींकडे फोनच नव्हता. आणि आधारवरून पैसे काढायला ओटीपी लागत नाही. बँकेचं नाव, बारा आकडी नंबर आणि अंगठा एवढं पुरतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरी लुबाडलेल्या बाईचीच चूक मी आधी शोधली. त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

आजी हात पुढे करून म्हणाल्या, "रेशनच्या दुकानात माजा अंगठा उठत न्हाई, चार-चार डाव पुसून लावावा लागतो. मग ह्यो कुणाचा उठला?" बोटाच्या रेषा कामाने पार झिजलेल्या. मी त्या बोटाकडे बघत राहिलो. हरियाणात, कर्नाटकात नोंदणी केलेल्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांची नक्कल करून खाती रिकामी केल्याच्या बातम्या मी वाचलेल्या होत्या. म्हणून विचारलं, "आजी, कुठल्या कागदावर अंगठा दिला होतात का?"

"दिला की. भावास्नी हक्कसोडपत्र करून दिलं तवा."

ठसा तिथूनच गेला असं मी म्हणू शकत नाही. पण 'हो' म्हणताना त्यांच्या आवाजात कुठे संशय नव्हता, तक्रार नव्हती. जमिनीतला वाटा सोडताना अंगठा दिला, रेशनला दिला, आमच्या बँकेत दिला. जिथे मागितला तिथे दिला. त्यांनी काही 'केलं' नव्हतं आणि दडवलेलंही काही नव्हतं. माझ्या म्हणीत त्यांना जागाच नव्हती.

ती म्हण मला परवडत होती, एवढंच खरं. माझं खातं कुणी साफ केलं असतं तरी महिना निघाला असता, तक्रार कुठे करायची हे ठाऊक होतं, साहेब ओळखीचे होते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा फुटला तर माणसाने काय बदलायचं? न्यायमूर्ती पुट्टस्वामींचा हट्ट श्रीमंती होता असं मी समजत होतो. श्रीमंती माझ्या बेफिकिरीत होती.

तक्रार लिहून घेतली, पुढे पाठवली. आता भेटेल त्याला मी आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला सांगतो. ॲपवर होतं, गरज पडली की थोडा वेळ उघडता येतं. आजींना मात्र ते सांगू शकलो नाही. त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल नातवाचा, आणि नातू पुण्याला. कुलूप लावलं तर चोराबरोबर रेशनचं धान्यही थांबणार, आणि ते उघडायला दर महिन्याला नातवाला फोन करायचा, तोही शेजारणीकडून.