वैशाखात बिघडलेला मेंढा

माणदेशात मृगाचा पाऊस झाला, माळावर हिरवं फुटलं की मेंढ्या माजावर येतात. त्यानंतर अडीच-तीन आठवड्यांत मला फोन सुरू होतात, "डॉक्टर, मेंढ्या उलटायला लागल्या." माज सतरा दिवसांनी फिरून येतो, त्याचा हा हिशेब. चार-दोन उलटल्या तर समजू शकतं. निम्मा कळप उलटला की मी मेंढ्यांकडे बघत नाही, मेंढा धरायला सांगतो.

मालकाला ते पटत नाही. मेंढा दिसायला झकास, अंगात रग, फळवायला कायम पुढे! पण रग वेगळी आणि बीज वेगळं. निरोगी आंड हाताला पाडाच्या आंब्यासारखं लागतं. घट्ट, तरी दाबाला जागं. उन्हानं मारलेलं पिचपिचीत होतं.

मेंढ्याचं बीज घडायला सुमारे सात आठवडे लागतात आणि बाहेरच्या वाटेला लागायला आणखी दहा-बारा दिवस. म्हणजे आषाढात कामी येणारं बीज वैशाखात घडत असतं. अंगाचं तापमान ३९ अंश, आंडांना मात्र त्याहून चार-पाच अंश गारवा हवा. म्हणून तर ती शरीराबाहेर लोंबतात, उन्हाळ्यात आणखी खाली उतरतात. पण पारा ४२वर, डोक्यावर तापलेला पत्रा, अंगावर न कातरलेली लोकर आणि पाणी दिवसातून एकदा, एवढं झाल्यावर ती सोय कुठवर पुरणार? पावसाळ्यात नीलजिव्हेचा ताप आला तरी हीच गत.

परदेशी पुस्तकं या विषयात दिवसाच्या लांबीवर पानंच्या पानं खर्च करतात. स्कॉटलंडच्या सोय जातीत उन्हाळ्याच्या तोंडावर आंडं आक्रसतात आणि दिवस लहान होऊ लागले की पुन्हा भरतात. आपल्याकडे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक जेमतेम दोन तासांचा. दख्खनी मेंढा बारमाही असतो. त्याला नडतात ऊन आणि उपास.

अशा मेंढ्याला लोक रागानं खाटकाला देतात. ते मला अजिबात मंजूर नाही. आंड कायमचं आटलं नसेल, तर ऊन सरल्यावर दोनेक महिन्यांत बीज बहुधा सुधारतं. तोवर दुसरा मेंढा सोडावा.

आणि पुढच्या वर्षी चैत्रातच मेंढ्याची लोकर कातरा, दुपारी त्याला झाडाखाली बांधा, दोन वेळा पाणी दाखवा आणि बाभळीच्या शेंगांबरोबर मूठभर धान्य द्या. तपासायला मला जुलैत नको, मे महिन्यात बोलवा.